नखुलीच्या होडीला बूच नाही

या, बसा मांडीवर. पाय हलवू नका हं, गोष्टीत होडी आहे. डुचमळेल!

खाडीच्या काठी एक उंदरीण राहायची. एवढीशी. नखाएवढी. म्हणून तिचं नाव नखुली.

नखुलीची एक होडी होती. कशाची होडी? करवंटीची! पाण्यात सोडली की डुलायची. डुबुक चुबुक, डुबुक चुबुक.

पण करवंटीला असतो डोळा. डोळा म्हणजे भोक. भोकातून पाणी येतं आत. मग नखुलीनं काय केलं? एक शेंगदाणा आणला. भोकात ठोकून बसवला. ठक ठक ठक! झालं बूच.

पलीकडच्या काठावर राहायचा नखुलीचा दादा. दादाला झालं बाळ. गुलाबी बाळ. मिटल्या डोळ्यांचं बाळ. आणि नखुली झाली आत्या!

आज बाळाचं बारसं. पाळणा बांधला. घुगऱ्या शिजल्या. पण बाळाच्या कानात कुर्र्र्र कोण करणार? आत्या. बाळाला नाव कोण ठेवणार? आत्याच. आत्या आल्याशिवाय बाळाला नाव नाही. माणसांची हीच रीत, उंदरांचीही हीच.

नखुलीनं अंघोळ केली. मिशा विंचरल्या. शेपटीला लाल दोरा बांधला. सगळी तयारी झाली, आणि लागली भूक. समोर होडी. होडीत शेंगदाणा.

कुटुम कुटुम कुटुम.

"अगंबाई!" नखुली म्हणाली. "मी बूच खाल्लं!"

आता काय म्हणावं हिला? उंदराच्या घरी शेंगदाण्याचं बूच! टिकेल का ते?

काठावर बसायचा एक म्हातारा खेकडा. तांबडा आणि वाकडा. सगळे त्याला म्हणायचे तांडेलमामा. तांडेल म्हणजे होडीवरचा सगळ्यांत मोठा. तो 'हो' म्हणाला की होडी निघायची. 'नाही' म्हणाला की नाही.

"मामा, मामा, बूच नाही," नखुली म्हणाली. "पण मला शेपूट आहे ना! शेपटीनं भोक बुजवते."

नखुली होडीत बसली. शेपूट भोकात घातलं. आली एक मासोळी. तिनं शेपटीला केल्या गुदगुल्या.

"ई ई ई!"

शेपूट बाहेर. पाणी आत. बुडबुड बुडबुड!

तांडेलमामानं नांगीनं धरलं आणि नखुलीला ओढलं काठावर, होडीलाही ओढलं. नखुली ओलीचिंब. मिशा गळतायत. टिप टिप टिप.

"ऐक गो बाय," मामा म्हणाला. "आधी तपास, मग प्रवास. बूच नाही, तर होडी नाही."

"पण मामा, मला लवकर जायचंय!"

"लवकर तर खरंच जायचंय. तो काळोबा बघ."

काळोबा म्हणजे पाण्यातला काळा दगड. पाणी होतं काळोबाच्या गळ्याशी.

"ओहोटी लागली," मामा म्हणाला. "पाणी उतरणार. काळोबाचे पाय उघडे पडले की सगळा चिखल. मग होडी रुतली म्हणून समज. जा, पांगाऱ्याकडे जा. त्याचं लाकूड हलकं. त्याची काटकी आण. तिचं होईल बूच."

नखुली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

आला पांगारा. उंच. काटेरी. पानं मलूल.

"पांगाऱ्या, पांगाऱ्या, काटकी दे!"

"कशाला गं काटकी?"

नखुली म्हणाली,

"बूच नाही, तर होडी नाही.
होडी नाही, तर आत्या नाही.
आत्या नाही, तर नाव नाही.
बाळ बिचारं बिननावाचं!"

"अरेरे!" पांगारा म्हणाला. "देईन गं, देईन. पण माझा जीव तहानेनं कासावीस. खाडीचं पाणी खारट, थू थू! आधी आण गोड पाणी. मग देतो काटकी."

नखुलीनं मागे वळून पाहिलं. पाणी होतं काळोबाच्या छातीशी.

नखुली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

आली विहीर. खोल. गार. आत वाकून बोललं की तीन-तीनदा ऐकू यायचं.

"विहिरी, विहिरी, पाणी दे!"

"कशाला गं पाणी... पाणी... पाणी?"

नखुली म्हणाली,

"काटकी नाही, तर बूच नाही.
बूच नाही, तर होडी नाही.
होडी नाही, तर आत्या नाही.
आत्या नाही, तर नाव नाही.
बाळ बिचारं बिननावाचं!"

"अरेरे... रेरे... रेरे!" विहीर म्हणाली. "देईन गं, देईन. पण पोहऱ्याचा दोर तुटला. पाणी वर येणार कसं? आधी आण दोर. मग देते पाणी... पाणी... पाणी."

नखुलीनं मागे वळून पाहिलं. पाणी होतं काळोबाच्या पोटाशी.

नखुली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

आल्या हौसाकाकू. अंगणात बसायच्या आणि दोर वळायच्या. कशाचा दोर? नारळाच्या काथ्याचा. त्याला म्हणतात सुंभ. पण आज काकूंचे हात मांडीवर. गप्प.

"काकू, काकू, दोर द्या!"

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"कोण गो तू? अगो, ही तर उंदरीण! आणि शेपटीला दोरा बांधून निघाली कुठं नटून? कशाला हवा दोर?"

नखुली म्हणाली,

"पाणी नाही, तर काटकी नाही.
काटकी नाही, तर बूच नाही.
बूच नाही, तर होडी नाही.
होडी नाही, तर आत्या नाही.
आत्या नाही, तर नाव नाही.
बाळ बिचारं बिननावाचं!"

"अरेरे!" काकू म्हणाल्या. "बारसं तिकडं आणि आत्या इकडं? असं कसं चालेल गो बाय? आमच्या पोराच्या बारशाला माझी नणंद आली गुडघाभर चिखलातनं. कानात कुर्र्र केलं, आणि आम्ही सगळ्यांनी घातले तिच्या पाठीत धपाटे! हसून हसून लाल झाली."

काकू पण हसल्या. मग त्यांनी रिकामे हात दाखवले.

"देईन गो, देईन. पण काथ्या संपला. आधी आण नारळ. सोलते, काथ्या काढते, मग देते दोर."

नखुलीनं मागे वळून पाहिलं. पाणी होतं काळोबाच्या कमरेशी.  नखुलीचे पाय दुखायला लागले. पण पाय दुखले म्हणून आत्या थांबते का?

नखुली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

आला माड. उंचच उंच उंचच उंच! नखुलीनं मान वर केली. आणखी वर केली. धप्पकन उताणी पडली.

"माडा, माडा, नारळ दे!"

"काऽऽय? मोठ्यानं बोल. वर ऐकू येत नाही. कशाला हवा नारळ?"

नखुली ओरडली,

"दोर नाही, तर पाणी नाही!
पाणी नाही, तर काटकी नाही!
काटकी नाही, तर बूच नाही!
बूच नाही, तर होडी नाही!
होडी नाही, तर आत्या नाही!
आत्या नाही, तर नाव नाही!
बाळ बिचारं बिननावाचं!"

"अरेरे!" माड म्हणाला. "देईन गं, देईन. पण मला कुठे हात आहेत? वारा हलवेल, तर नारळ पडेल. आधी आण वारा. मग देतो नारळ."

पाणी होतं काळोबाच्या मांड्यांशी.

नखुली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

वारा कुठे होता? वाळूत लोळत होता. गाल फुगवून. एक पान हलत नव्हतं.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना! नारळ पाड ना!"

"नाही उठणार. कशाला हवा नारळ?"

नखुलीला लागली धाप. पण एका दमात म्हणाली,

"नारळ नाही, तर दोर नाही.
दोर नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर काटकी नाही.
काटकी नाही, तर बूच नाही.
बूच नाही, तर होडी नाही.
होडी नाही, तर आत्या नाही.
आत्या नाही, तर नाव नाही.
बाळ बिचारं बिननावाचं!"

वाऱ्यानं गाल आणखी फुगवले.

"बाळाचं बारसं, बाळाचं बारसं! आणि माझं? मी केव्हाचा वाहतोय. कुणी केलं माझं बारसं? सगळे नुसतं म्हणतात, वारा सुटला, वारा पडला. मलापण हवं नाव. आधी नाव, मग वारा!"

नखुली विचारात पडली. इतक्या जणांनी काय काय मागितलं. पाणी मागितलं, दोर मागितला. तिच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. पण नाव? नाव ठेवता येतं कुणाला? आत्याला! आणि नखुली कोण? आत्या!

"बरं," नखुली म्हणाली. "कान कर इकडे."

वाऱ्यानं कान केला. पण वाऱ्याचा कान दिसतो का? नखुली इकडे वळली. "तिकडे नाही गं!" नखुली तिकडे वळली. "तो गाल आहे!" शेवटी सापडला कान. गार होता. नखुलीनं त्यावर हात धरला आणि म्हणाली,

"कुर्र्र्र... झुळकेराव!"

वारा खुदकन हसला. कानात गुदगुल्या झाल्या ना! गाल बसले. रुसवा पळाला.

"झुळकेराव! मी झुळकेराव!"

"हो," नखुली म्हणाली. "नावासारखं वागायचं हं. माझी होडी लहान आहे. होडीला नुसती झुळूक द्यायची. पण माडाला..."

"माडाला मोठी फुंकर!"

वारा उठला. सूं सूं सूं सूं!

"बाजूला सरा रे!" माड ओरडला.  नखुली दगडामागे लपली. आणि धप्प! पडला नारळ.

आवाज ऐकून काकू धावत आल्या आणि त्यांनी नारळ सोलला. सोलपट निघालं. सोलपटाचा काथ्या झाला. काथ्या घेतला हातात, तळहातावर तळहात. वळ वळ वळ, वळ वळ वळ. झाला दोर!

दोर बांधला पोहऱ्याला. पोहरा गेला विहिरीत. बुडुक! वर आलं पाणी. काकूंनी ओतलं पांगाऱ्याच्या मुळाशी. पांगारा प्यायला. गटागटा गटागटा. पानं ताठ झाली.

"आऽऽह!" पांगारा म्हणाला. आणि टाकली काटकी. टप!

"काकू, मी दादाकडे चालले हं, खाडीपलीकडे!" नखुलीनं ओरडून सांगितलं. काटकी तोंडात धरून ती निघाली. तुरूतुरू तुरूतुरू तुरूतुरू.

पाणी होतं काळोबाच्या गुडघ्यांशी!

"आणली काटकी?" तांडेलमामानं विचारलं. "आता घडव. भोकाएवढं कर. जास्त नाही, कमी नाही."

नखुली कुरतडायला बसली. कुरतुड कुरतुड. लावून पाहिलं. जाड झालं. कुरतुड कुरतुड. लावून पाहिलं. अजून थोडं जाड. कुरतुड. आता बसलं! मामानं नांगीनं ठोकलं. ठक ठक ठक!

"चला, मी जाते!"

"थांब. आधी तपास, मग प्रवास."

मामानं होडी काठाच्या पाण्यात ठेवली. दोघं आत वाकून बघत बसले. आला एक थेंब. टिप.

"गळतंय!" नखुली रडकुंडीला आली.

"गळू दे. लाकूड पाणी पितं. प्यालं की फुगतं. फुगलं की घट्ट बसतं. मोज दहापर्यंत."

"मामा, काळोबाचे गुडघे दिसतात!"

"दिसू देत. मोज."

नखुलीनं मोजलं. तुम्हीपण मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. आला आणखी एक थेंब. टिप. सहा, सात, आठ, नऊ.

दहा!

थेंब आला? नाही आला. होडी आतून कोरडी. कोरडी ठणठणीत!

मामा म्हणाला, "बूच?"

"घट्ट!"

"वल्हं?"

"हातात!"

"पाणी उपसायला शिंपला?"

"शेजारी!"

"कुठे जातेस, कुणाला सांगितलंस?"

"हौसाकाकूंना!"

"आणि पाण्यात पडलीस तर? तरंगायला काय?"

अगंबाई! ते राहिलंच होतं.

मामानं काटकीचा उरलेला तुकडा घेतला. पांगाऱ्याचं लाकूड ते, बुडणार कसं? शेपटीचा लाल दोरा सोडला. तुकडा नखुलीच्या कमरेला बांधला. ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला.

"आता जा," तांडेलमामा म्हणाला.  "हो म्हणतो मी."

होडी निघाली. डुबुक चुबुक, डुबुक चुबुक. मागून आला वारा. जोरात आला का? नाही. नावासारखा वागला. झुळूक झुळूक, झुळूक झुळूक.

मासोळी आली वर. "शेपूट कुठे?"

"शेपूट आत!" नखुली म्हणाली. "भोकात बूच आहे!"

आणि काळोबा? काळोबाचे पाय उघडे पडले, चिखल दिसायला लागला. पण तेव्हा होडी कुठे होती? पलीकडच्या काठाला! टेकली. टुक!

"आत्या आली, आत्या आली!"

सगळे उंदीर धावले. दादा धावला. वहिनीनं पायांवर पाणी घातलं. पाळण्यात बाळ रडत होतं. चीं चीं चीं! त्याला हाक कशी मारणार? नावच नव्हतं.

"एवढा उशीर का गं झाला?" दादानं विचारलं. "आम्ही वाट बघून बघून थकलो."

नखुली म्हणाली,

"वारा आला, तर नारळ पडला.
नारळ पडला, तर दोर झाला.
दोर झाला, तर पाणी आलं.
पाणी आलं, तर काटकी मिळाली.
काटकी मिळाली, तर बूच बसलं.
बूच बसलं, तर होडी तरली.
होडी तरली, तर आत्या आली.
आत्या आली..."

"तर नाव ठेव!" सगळे ओरडले.

नखुली पाळण्याशी गेली. बाळ तिच्या पंजाएवढं होतं. ऊनऊन होतं. नखुलीला एकदम भरून आलं. ती वाकली. बाळाच्या कानावर हात धरला. आणि अगदी हळू म्हणाली,

"कुर्र्र्र..."

नाव सांगितलं. बाळ रडायचं थांबलं.

आणि मग आत्याच्या पाठीत धपाटे! दादाचा धपाटा, वहिनीचा धपाटा, सगळ्या उंदरांचे धपाटे. धप धप धप धप! नखुली हसून हसून लाल. पहिल्या घुगऱ्या कुणाला? आत्याला! ओंजळभर. आत्याचा मानच तो. कुटुम कुटुम कुटुम. आता खुशाल खा, नखुले!

आणि बाळाचं नाव काय ठेवलं?

अं हं! ते असं मोठ्यानं सांगत नाहीत. कानातच सांगतात. ये, आण इकडे कान. आणखी जवळ. हात धरू दे कानावर.

कुर्र्र्र...

ऐकलंस? तुझंच नाव!